तिखटाच्या बरणीतलं पाकीट
गिरणीवर मिरची दळताना उठणारा ठसका मला अजून हसवतो. नंदुरबारात वडिलांच्या मिरचीच्या व्यापाराचं दिवाळं निघालं, बँकेने घर लिलावात विकलं आणि आम्ही भाड्याच्या खोलीत आलो. महिन्याभराने बँकेचं पाकीट आलं. "आते आखो काय मांगतस?" म्हणत, बँकेची आणखी एक मागणी समजून आईने ते न उघडताच तिखटाच्या बरणीत खुपसलं. कैऱ्यांच्या दिवसांत लोणच्यासाठी बरणी रिकामी झाली, तेव्हा वडिलांनी शिंकत शिंकत पाकीट फोडलं. घराच्या पैशातून सगळी देणी फिटली होती आणि उरलेली रक्कम आमची होती! ती घ्यायला गेलो, तर पत्र उलगडताच बँकेचे साहेबही शिंकू लागले. माझ्या नव्या घराचं खरेदीखत मी आज त्याच बरणीत ठेवलंय.