बावडीची आळी आणि तिची बारशी

आमच्या आळीतले किस्से बावडीतल्या शेवाळासारखे. खरवडून काढा, पुन्हा धरतातच! त्यातून रत्नागिरीतून आमचा सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि ज्याला त्याला नावं बदलायची हौस आली.

मूळ नाव बावडीची आळी. नळ आले नव्हते, मे महिन्यात सगळी घरं त्याच एका बावडीवर जगायची. नाव बदलायचं कारणच काय? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून.

*

पहिली पाटी नगरपालिकेची: 'बाजार उपमार्ग'. शेजारचे आबा मास्तर रिटायर्ड, संशय घेण्यात माझे गुरू. ते म्हणाले, "आज पाटी इली, फाल्यां कर येतलो." दुसऱ्या दिवसापासून त्यांचा ओला पंचा त्या पाटीवर वाळायला लागला.

*

मग पोरांनी 'नवतरुण चौक' असा बोर्ड लावला. आमची आळी एका टोकाला बंद, चौक आणणार कुठून? निवडणूक जवळ आली होती, एवढंच सांगतो. ती संपली आणि त्या बोर्डाचं कोंबड्यांच्या खुराड्याला दार झालं.

*

खरी गोम पुढेच. बावडीला लागून घर असलेल्या बाबलशेटनी स्वखर्चाने तिचा कठडा बांधला. आम्ही कौतुक करतोय तोवर म्हणाले, आळीला आमच्या वडिलांचं नाव द्या. कठड्याला लोखंडी फाटकापुरती जागाही सोडलेली! आबा माझ्या कानाशी पुटपुटले, "आळयेक नाव, मागसून बावडेक कुलूप." मला तर धडकीच भरली.

*

आळीच्या देवळातलं वार्षिक गाऱ्हाणं. एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही रीत. शब्द ऐकतो कोण? सगळ्यांचं लक्ष नारळाकडे.

गाऱ्हाणं घालणाऱ्याला बाबलशेटनी आधीच गाठलं असावं. पाऊसपाणी, गुरंढोरं झाली आणि मध्येच तो म्हणाला, "ह्या आळयेक शेटच्या बापाशीचा नाव देतत, तां मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

म्हणून बसलो! मीसुद्धा. देवासमोर दिलेला शब्द परत कसा घेणार?

नारळ फुटणार एवढ्यात आबा हात जोडून पुढे झाले. त्याच सुरात म्हणाले, "ही बावडी सगळ्यांची आसा, तशीच सगळ्यांची रवांदे. जो कोण तिका कुलूप घालीत, तेका तूच बघून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज डोळे मिटून उभ्या असलेल्या बाबलशेटचा होता.