फाटक नसलेलं मैदान

लोधिवलीहून स्कॉटलंडला निघालो तेव्हा माझ्याजवळ दोन बॅगा होत्या आणि एक गोणपाटाचं गाठोडं. गाठोड्यात गोल्फच्या पाच जुन्या काठ्या. चौक गावच्या थांब्यावर माझ्या गळ्यातला हार आणि मागे उभी असलेली निम्मी आळी बघून एस.टी.च्या कंडक्टरने विचारलं, "विलायतेला चाललाव वाटतं? मग ही फावडी-कुदळी कशाला?"

"तिकडची जमीन खणून येतो," मी म्हटलं. आणि तसं ते फार खोटंही नव्हतं.

मी रसायनीच्या एका कारखान्यात फिटर. कारखान्याने स्कॉटलंडहून नवा कॉम्प्रेसर घेतला, आणि तो खोलायला-जोडायला शिकून यायला सहा आठवड्यांसाठी मला धाडलं. कॉम्प्रेसर मी शिकणारच होतो. पण डोक्यात दुसरंच होतं, आणि ते आधी सांगून टाकतो.

कारखाना उभा राहत होता तेव्हा एक स्कॉटिश इंजिनीअर आला होता. रविवारी त्याला करमायचं नाही. भात कापून झालं की तो आमच्या खाचरांत (बांध घातलेल्या भातशेतांत) चेंडू मारत हिंडायचा, आणि मी त्याच्याबरोबर. जाताना काठ्या मला देऊन गेला. पुढे आमच्या साहेब लोकांनी कारखान्याच्या रिकाम्या जमिनीवर सहा भोकांचं मैदान केलं. ही जमीन पूर्वी आमच्या गावची. गुरं तिच्यावरूनच पाताळगंगेवर पाण्याला जायची. मी हौसेने काठ्या घेऊन गेलो, तर काटेरी तार, फाटक आणि वॉचमन. त्याने गेटपास मागितला, पाहिला आणि परत केला. "फक्त ऑफिसर." मैदानाचे सेक्रेटरी साहेब आतूनच ओरडले, "अरे घरत, फिटर लोकांसाठी व्हॉलीबॉलचं नेट बांधलंय की!" त्यांच्यामागे चार जण खो खो हसले.

ते हसणं माझ्या जिव्हारी लागलं. त्याच दिवशी मनाशी म्हटलं, हा खेळ जिथे जन्मला तिथे जाऊन खेळेन आणि तिथल्या माणसाच्या सहीचा कागद तुमच्या टेबलावर आणून आपटेन. मग हसा.

स्कॉटलंडात पहिले दोन आठवडे पाऊस आणि कॉम्प्रेसर. तिसऱ्या शनिवारी दुपारी सुट्टी झाली, ऊन पडलं, आणि मी गाठोडं उचलून समुद्राकडची बस पकडली. शेवटच्या थांब्यावर उतरलो. करड्या दगडांची घरं, बाहेर दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि त्यापलीकडे ते लिंक्स (समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधली वाळूची, आखूड गवताची पट्टी). झाड नावाला नाही. उंचवटे, खळगे, लांबवर फडफडणारी निशाणं आणि त्यामागे निळाशार समुद्र. वारा असा की टोपी धरू की काठ्या, असं झालं. हिरवळीचे गालिचे असतील अशी माझी कल्पना होती. ही तर निव्वळ पडीक जमीन दिसत होती! मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

आता फाटक शोधायचं. डावीकडे गेलो, नाही. उजवीकडे गेलो, गुडघ्याएवढी दगडी भिंत, तीही मध्येच संपलेली. तार नाही, वॉचमन नाही. मला वाटलं, खरा दरवाजा दुसऱ्या अंगाला असेल. चांगला पाऊण तास मी त्या मैदानाला प्रदक्षिणा घालत होतो. शेवटी एक म्हातारा दिसला, काठ्यांची पिशवी खांद्यावर आणि पायांत कुत्रं घुटमळतंय. हाच मुख्य माणूस असणार, असं समजून मी खिशातून रसायनीचा गेटपास काढला आणि अदबीने त्याच्यापुढे धरला.

त्याने तो उलटसुलट करून पाहिला. माझा फोटो पाहिला, मग मला पाहिलं.

"फोटो काही बरा आलेला नाही," तो म्हणाला. "हे कशासाठी?"

"आत यायला."

"अरे बाबा, तू केव्हाचा आतच आहेस!"

त्याचं नाव डेव्ही. पोस्टमन म्हणून गावात घरोघर पत्रं वाटून निवृत्त झालेला. त्याचं इंग्रजी मला अर्धं कळत होतं आणि माझं त्याला पाऊण, पण तेवढ्यावर भागलं. मी विचारलं, इथे खेळायला कोणाची परवानगी लागते? तो म्हणाला, जमीन गावाची आहे, पाहुण्याने त्या टपरीत नाव लिहायचं आणि खेळायचं. टपरीतल्या वहीत 'कुठले मैदान' असा रकाना होता. पेन हातात घेऊन क्षणभर थबकलो. रसायनीचं लिहावं? छट्! ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'लोधिवली'.

"कसं आहे तुमचं मैदान?" डेव्हीने विचारलं.

"पावसाळ्यात तिथे भात असतं. मग आम्ही."

"वा! शहाणी माणसं दिसता," तो म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती. मला खरंच बरं वाटलं.

मी पहिला फटका मारला. चेंडू जमिनीलगत सुटला, एका उंचवट्यावर आपटला आणि टणटण उड्या मारत लांब गेला. मला शरम वाटली. मुंबईहून आलेला एक साहेब तारेच्या आतून माझे असले फटके बघून 'नांगरट' म्हणाला होता. आमच्या खाचरांत उन्हाने जमीन पाट्यासारखी टणक होते आणि माथेरानच्या डोंगराकडून वारा सुटतो, म्हणून मी चेंडू खालूनच मारतो, उड्या मारत जाऊ देतो. पण डेव्हीने भुवया उंचावल्या. "हे कोणी शिकवलं?"

"ढेकळांनी."

"आमच्या पोरांना हेच शिकवायला मला जन्म लागला," तो म्हणाला. त्याने स्वतः चेंडू मारला तो अगदी तसाच, खालून. वर मारणाऱ्याचा चेंडू वारा उचलून कुठल्या कुठे नेतो, हे पुढे डोळ्यांनी पाहिलं. गावातला डॉक्टर आमच्यापुढे खेळत होता, त्याचा एक उंच फटका सरळ समुद्रात गेला.

आता मी लगेच शेर झालो असं समजू नका. दोन चेंडू मी पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांत घालवले. त्या फुलांना चक्क ओल्या खोबऱ्याचा वास, म्हणून नाक खुपसलं आणि करवंदीच्या जाळीत शिरल्यासारखा ओरबाडून बाहेर आलो. एक चेंडू बर्नमध्ये (ओढ्यात) गेला. वाळूच्या एका खड्ड्यात सात फटके मारले, तेव्हा डेव्ही काठावर बसून पाइप पेटवत होता. "खणून झालं की सांग," म्हणाला. मला कंडक्टर आठवला आणि हसूच फुटलं.

नवव्या भोकाशी आम्ही खायला बसलो. त्याच्याकडे पाव आणि चीज, माझ्याकडे बायकोने बांधून दिलेली सुकी लसणीची चटणी. त्याने चीजवर चांगली बोटभर थापली. मी नको नको म्हणेपर्यंत घास तोंडात. डोळ्यांतून घळाघळा पाणी, चेहरा लालबुंद. मी घाबरलो. तो नाक शिंकरून म्हणाला, "अजून आहे का?"

पुढच्या भोकाशी मी काठी उगारली आणि डेव्हीने हात आडवा केला. कपड्यांची टोपली कमरेवर घेतलेली एक बाई रमतगमत मैदान ओलांडत होती. तिने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"आधी ती," डेव्ही म्हणाला. "वाट तिची आहे. आपण नुसते खेळतोय."

मी काठी खाली टेकवली आणि मला आमचा नामाकाका आठवला. कारखान्याने तार ठोकल्यापासून तो म्हशी घेऊन साहेबांच्या मैदानाला वळसा घालून नदीवर जातो. इथे एका टोपलीसाठी डॉक्टर थांबतो, पोस्टमन थांबतो, मी थांबतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चटणीमुळे नव्हे. राग आला होता, अस्सा राग आला होता!

अठरा भोकं संपली तेव्हा माझे एकशे चार फटके झाले होते. डेव्हीने फटके मांडायच्या कार्डावर माझ्या नावापुढे 'लोधिवली' लिहिलं आणि खाली सही केली. मी ते गेटपासच्या पाकिटात घालून आणलं.

परत आल्यावर पहिल्याच सोमवारी सेक्रेटरी साहेबांच्या टेबलावर कार्ड ठेवलं. त्यांनी ते वाचलं, लोधिवली हे नाव दोनदा वाचलं. "छान आहे हं, घरत. पण पाहुणा म्हणून कुणालाही खेळू देतात. इथला नियम वेगळा. तुला एवढी हौस असेल तर गावात खेळ ना."

"बरं साहेब," मी म्हटलं. "तसंच करतो."

भात निघेपर्यंत दम धरला. मग नामाकाकाकडे गेलो आणि त्याच्या खाचरात भोकं पाडायची परवानगी मागितली. काकाने माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "पीक निघाल्याव शेत कुनाचं असतं रं? कुनाचीबी गुरं येतात, चरतात. तुला कोन आडवतंय? फकस्त बांध नको फोडू."

आम्ही नऊ भोकं पाडली, डालड्याचे डबे पुरले, बायकोच्या जुन्या लुगड्याची निशाणं लावली. कारखान्यातले लोडर आले, शाळेचे मास्तर आले, किराणा दुकानदार आला. पाच काठ्या आळीपाळीने. काकाने म्हशी हाकायच्या काठीनेच असा फटका मारला की मास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

एप्रिलात कारखान्यात पाण्याची टंचाई झाली आणि साहेबांची हिरवळ जळून गेली. एका रविवारी सकाळी हमरस्त्यावर गाडी थांबली. सेक्रेटरी साहेब पिशवी घेऊन उतरले आणि बांधाच्या कडेने इकडून तिकडे चालू लागले. मी लगेच ओळखलं. ते फाटक शोधत होते.

व्हॉलीबॉल! नुसतं तेवढंच म्हणायचं होतं. वर्षभर तो शब्द जिभेवर घोळवत ठेवला होता. पण काका आधी ओरडला, "आवो सायेब, फिरताव कशाला? आमच्याकं फाटक नाय. या असंच!"

साहेब बांध उतरून आले. माझ्याकडे बघणं टाळत चेंडू ठेवला, काठी उगारली.

"थांबा," मी म्हटलं.

नामाकाकाच्या तीन म्हशी समोरच्या खाचरातून नदीकडे चालल्या होत्या.

"आधी त्या, साहेब. वाट त्यांची आहे. तुमच्या तारेपलीकडेही त्यांचीच होती."

साहेबांनी काठी खाली टेकवली. ऊन रणरणत होतं, आणि म्हशींना काही घाई नव्हती.