गंगूबाईंना पाहायचा होता तो सिनेमा

अकोटच्या बाजारात भाजी विकणाऱ्या गंगूबाई माझ्या शेजारी राहतात. त्यांचा नवरा सूर्यभान नाटकं लिहायचा. दर नवरात्रात देवीपुढे त्याचं नवं नाटक व्हायचं. अशाच एका प्रयोगात पडद्यामागे त्याच्या छातीत कळ आली. रंगमंचाचा नारळ फुटला की नाटक मध्ये थांबवायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. नटांनी तो पाळला. गंगूबाई लोकांत बसून खो खो हसत होत्या आणि आत सूर्यभान गेला.

शेवटी त्याच्याजवळ होता धर्मपाल, नाटकातला फौजदार. गंगूबाईंशी तो त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. त्या दिसल्या की गल्ली बदलायचा. पण सूर्यभानच्या मरणावर प्रायोगिक सिनेमा काढायला पुण्याची मंडळी आली, तेव्हा कॅमेऱ्यापुढे हा बाबा तासभर बोलला. जाताना नवरा काय म्हणाला, एवढंच गंगूबाईंना ऐकायचं होतं.

"श्याम, पाय बरं मोबाइलवर, कुठी दिसते तो शिनेमा," त्या रोज म्हणायच्या.

मी खूप शोधला. कुठेच नाही. दिग्दर्शकाला फोन केला, तर म्हणाला, "तो महोत्सवांतून फिरतोय. असा कुणालाही पाठवता येत नाही." कुणालाही! याच माणसानं गंगूबाईंच्या घरी मांडी ठोकून भाकर-झुणका हाणला होता. गरज सरो, वैद्य मरो. किळस आली मला त्याची.

अखेर अमरावतीत एका सभागृहात खेळ लागला. आम्ही एसटीनं गेलो. धर्मपाललाही बोलावणं होतं; तो पुढे बसला होता. पडद्यावर बराच वेळ नुसती रिकामी खुर्ची. मग धर्मपाल आला, त्याचे ओठ हलू लागले, आणि ऐकू काय यावं, तर कापूस पिंजणाऱ्या जिनिंगच्या यंत्राची घरघर! सगळं बोलणं तिच्यात बुडवलेलं. नंतर दिग्दर्शक सांगत होता, दुःखाला शब्द नसतात म्हणून. शिकलेली माणसं माना डोलावत होती. थू तुमच्या कलेवर!

गंगूबाई उठल्या आणि धर्मपालपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"यायनं तं आवाजच खाल्ला. आता तू सांग. काय म्हणे ते जाताना?"

धर्मपालची मान खाली गेली. "भाऊ म्हणे, गंगूले बोलाव. मी म्हणलो, थांबा भाऊ, एवढा अंक संपू द्या."

"मी तं समोरच बसली होती रे," गंगूबाई म्हणाल्या.