दगड वाळेपर्यंत

शहापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काम करते. काका, गावात सगळे त्यांना काकाच म्हणतात, पहिल्यांदा तिथे आले ते साखर तपासायला. रक्त देऊन झालं, कापसाचा बोळा कोपराच्या खळीत दाबून हात दुमडला आणि दुसऱ्या हाताने खिशातून दगडाची एक पातळ चकती काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"ह्याच्यात बारीक हिरवं काय तरी हाय. शेवाळ हाय का नुसता रंग, तेवढं तुमच्या दुर्बिणीत बगून सांगा."

मागे रांग नव्हती, म्हणून मी चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. खालून उजेड सोडल्यावर काचेसारख्या पांढुरक्या दगडात हिरवे तंतू पसरलेले दिसले. नखाच्या खरवडीत बुरशी दिसते, साधारण तसेच. पण पेशी नव्हत्या, भिंती नव्हत्या. सजीव काही नाही, असं मी सांगितलं.

"त्ये मला बी ठावं हाय," काका म्हणाले. "पन एकदा दुसऱ्यानं सांगितलेलं बरं."

काकांचा बोअर मारायच्या गाडीचा धंदा होता. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या निम्म्या पाड्यांवर त्यांची गाडी जाऊन आली होती. बोअरमधून वर येणारा चुरा बघत बघत त्यांना दगडांचा नाद लागला. मुरूम संपला, काळा कातळ लागला, मधेच गेरूसारखा तांबडा थर आला, की पाण्याचा अंदाज बांधायचा. त्या चुऱ्यात कधी पांढरे, कधी हिरवे, चकाकणारे तुकडे येत. बाकीचे लोक ते चाळून फेकत, काका खिशात टाकत. पुढे गाडी विकली आणि ती उभी असायची त्या शेडमध्ये त्यांनी दगड कापायचं यंत्र बसवलं.

मला दगडांची आवड नव्हती. रविवार मोकळा असे, आणि घरी बसून राहण्यापेक्षा बरं म्हणून मी एकदा त्यांच्याबरोबर गेले. मग जातच राहिले. काळू नदीचं पात्र, नव्या रस्त्यासाठी फोडलेल्या टेकड्या, विहिरींशेजारचे ढिगारे. त्यांच्याकडून शिकले ते असं: गोट्याची साल बघायची. एक कोपरा फोडून आत डोकावायचं. पोलादी सुरीने ओरखडा उठला तर तो अकीक, म्हणजे अंगठीत बसवतात तो खडा, नव्हे. आत गोल बुडबुडे दिसले तर ती काच. वाशिंदच्या कारखान्यातला एक माणूस मोठ्या आशेने हिरवा खडा घेऊन आला होता, त्यात बुडबुडेच बुडबुडे होते. काकांनी त्याला चहा पाजला आणि काच म्हणून सांगितलं. तो चहा न संपवता गेला.

किंमत ठरवायची गोष्ट याहून अवघड. आत शेवाळासारखे हिरवे तंतू असलेला शेवाळी अकीक आमच्या भागात मिळतो, पण बहुतेक वेळा हिरवा रंग गच्च भरलेला असतो, मागचं काही दिसत नाही. तळ स्वच्छ हवा. तंतू सुटे हवेत, झाडासारखे उभे. त्यात पिवळा किंवा तांबडा आला तर दुर्मीळ. आणि भेग नको. ओल्या दगडातली भेग दिसत नाही; पाणी ती भरून टाकतं आणि दगड अखंड, चकचकीत वाटतो. तो वाळू लागला की बाकीचा पृष्ठभाग आधी सुकतो आणि भेगेतलं पाणी काळ्या रेघेसारखं मागे राहतं. काका म्हणत, "वल्ल्या दगडाचा भाव करू नये."

आमचा सगळ्यांत चांगला गोटा डोळखांबकडे मिळाला. एका पाड्यावर नवी विहीर खणली होती. पाणी लागलं होतं, म्हणून घरची बाई खुशीत होती. ढिगाऱ्यात हात घालायला तिने आडकाठी केली नाही. "न्या की. आमाला त्याचा काय उपेग?" काकांनी शहाळ्याएवढा एक गोटा उचलला, एका बाजूची टवकी उडालेली होती तिथे ओला करायला जीभ लावली आणि माझ्या हातात दिला. टवकीतून आत पाहिलं तर स्वच्छ तळ आणि त्यात एकच हिरवी फांदी. तिच्या टोकाला तांबडं.

"काय निघालं तर ह्या घराला वाटा," काका मला म्हणाले, आणि बाईलाही तसं सांगितलं. ती हसली.

तो गोटा त्यांनी बरेच महिने कापला नाही. तोवर त्यांची नजर कमी होऊ लागली होती. साखरेचे आकडे मीच काढत होते, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही. आधी उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके आले, मग बारीक अक्षर गेलं. तंबाखूची पुडी कुठे ठेवली हे ते काकींना विचारू लागले. काकींना आधी वाटलं, नाटक करताहेत.

हिवाळ्यात गुजरातेतल्या खंबायतचा एक व्यापारी येतो. घरोघर दगड बघतो आणि कच्चा माल घेऊन जातो. त्या वर्षी त्याला हा गोटा दाखवायचं ठरलं. काकींनीच आग्रह धरला होता. डोळ्यांवर लेझर करायचं होतं, कल्याणला खेपा होणार होत्या, आणि शेडमधले दगड घर भरून राहिले होते.

व्यापारी ओसरीवर बसला. त्याने बादलीत गोटा बुडवला, बाहेर काढला, टवकीवर टॉर्च लावला. पुन्हा बुडवला. त्याचा हात जरा थांबला तेव्हा मला कळलं की त्याला पसंत पडलाय. त्याने आकडा सांगितला. माझ्या मनातल्या आकड्यापेक्षा तो बराच वर होता. काकी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर खोचला.

गोट्याच्या अंगावरून एक भेग जात होती हे मला माहीत होतं. काकांना तर होतंच. बोटाच्या नखाने त्यांनी ती मला आधी दाखवली होती. व्यापाऱ्याला दिसली नव्हती, कारण तो दगड सतत ओला ठेवत होता. भेग शोधणं त्याचं काम होतं आणि दिसली नाही ही त्याची चूक होती, असं मला वाटलं. मी सांगणार नव्हते.

"खाली ठेवा तो," काका म्हणाले. "चहा घ्या आधी."

"चाय तो पी ली, काका."

"आनखी घ्या. वाळू द्या त्याला."

व्यापाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग गोटा पाटावर ठेवला. काकी जागच्या हलल्या नाहीत, म्हणून चहा मी टाकला. परत आले तेव्हा गोटा वरून पांढुरका पडू लागला होता. तिघंही त्याच्याकडे बघत होते. ऊन पाटापर्यंत आलेलं होतं. हळूहळू सगळी साल सुकली आणि टवकीपासून पाठीपर्यंत एक काळी रेघ उरली.

व्यापाऱ्याने रेघेवरून बोट फिरवलं. रागावला नाही. नवा आकडा सांगितला, पहिल्याच्या पाव हिश्श्याचा असेल. काका नको म्हणाले, त्यापेक्षा घरीच कापू. तो उठला, काकांच्या पाया पडला. ते कशासाठी ते मला कळलं नाही. मग मोटारसायकलवर बसून मुरबाडच्या बाजूला गेला.

काकी तेव्हा बोलल्या.

"त्यानं इचारलं व्हतं का?"

"नाय."

"मंग तुमाला सांगायला कोनी सांगितलं?"

काका गोटा चाचपून उचलून शेडमध्ये ठेवायला गेले. त्या दुपारी काकींनी त्यांना भात वाढला, वरण वाढलं, ताकही दिलं, पण एक शब्द बोलल्या नाहीत. मला मात्र दोनदा आग्रह केला. मी जेवले.

पुढच्या रविवारी काका म्हणाले, "आता कापू. मला थोडं दिसतंय तवर."

प्रश्न होता कापायचा कसा. भेगेला समांतर कापला तर मोठ्या, अखंड चकत्या मिळतील, पण त्या फांद्यांना आडव्या छेदतील. झाड दिसणार नाही, नुसते ठिपके. भेगेला आडवा कापला तर झाडं उभी दिसतील, पण प्रत्येक चकती भेगेवर तुटायची भीती. पूर्वी असला निर्णय ते मला विचारत नसत. आता त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला.

"तू ठरव, बाय."

मी गोटा घरी नेला. साल जिथे पातळ होती तिथे टॉर्च लावून सगळीकडून पाहिलं. भेग एका बाजूला ठळक होती, दुसऱ्या बाजूला पुसट होत गेली होती. पण आत ती कुठवर गेली आहे हे बाहेरून कळत नाही. आडवा कापायचा, असं मी ठरवलं. कारण एवढंच की ठिपक्यांच्या अखंड चकत्या आमच्याकडे आधीच पुष्कळ होत्या.

यंत्र सुरू झालं. पात्यावर पाण्याची धार, पांढरा राडा खाली बादलीत. पहिली चकती राखाडी निघाली, नुसती गारगोटी. दुसरीही तशीच. काकी शेडच्या दारात येऊन बघून गेल्या. तिसऱ्या चकतीत हिरवं आलं, पण धुताना माझ्या हातात तिचे दोन तुकडे झाले. चौथीचेही, पाचवीचेही. काका यंत्राशेजारी स्टुलावर बसून आवाज ऐकत होते. तुटल्याचं त्यांना सांगावं लागलं नाही.

सहावी तुटली नाही. मी ती उन्हात ठेवली आणि वाळेपर्यंत थांबले. रेघ अर्ध्यावर येऊन संपली होती. त्यापुढच्या दोन चकत्यांत रेघ नव्हतीच.

काकांनी शेवटची चकती हातात घेतली, डोळ्याजवळ नेली, लांब धरली, आभाळाकडे केली. मग मला दिली.

"काय हाय त्याच्यात?"

"तळ स्वच्छ," मी म्हणाले. "हिरवे तंतू, खालून वर, सुटे सुटे. मधे पिवळसर भाग. वरच्या टोकांना तांबडे ठिपके, बारीक. कडेला धूसर."

"रिपोर्ट नको वाचू गो."

मी पुन्हा पाहिलं. असं सांगायची मला सवय नाही. "नाचणीची कणसं आल्यासारखं दिसतंय," मी म्हणाले. "उतारावरची नाचणी. पाठीमागे धुकं."

"कनसं मिटलेली का उघडी?"

"मिटलेली."

"म्हंजी दाना भरला," काका हसले आणि चकतीसाठी हात पुढे केला.

तीन अखंड चकत्यांपैकी एक व्यापाऱ्याने फोटोवरूनच घेतली. एक आम्ही डोळखांबला त्या विहिरीच्या बाईला देऊन आलो. पैशांत वाटा घ्यायचा की दगडात, असं विचारल्यावर तिने दगड मागून घेतला होता. सगळं धरून व्यापाऱ्याच्या पहिल्या आकड्याच्या आसपासही आम्ही पोचलो नाही. काकींनी ते एकदा बोलून दाखवलं, पुन्हा नाही. शेवटची चकती मात्र त्यांनी विकू दिली नाही. काकी ती कपाटात ठेवतात आणि पाहुणे आले की काढतात. सांगतात की यांनी डोळे गेल्यावर कापलीय. त्यातलं कुठलंच खरं नाही. डोळे गेलेले नव्हते आणि कापली मी होती. मी दुरुस्त करत नाही.

कल्याणला लेझर झालं. डावा डोळा टिकला, उजवा नाही. साखर अजून वरखाली होते. माल दाखवायला लोक आता माझ्याकडे येतात, दगड काकांच्या ओसरीवर आणतात, आणि काका बाजूला बसून वजन हातावर तोलतात. माझ्या निम्म्या किमती त्यांना पटत नाहीत. मी जास्त सांगते, असं त्यांचं म्हणणं. त्यावरून आमचं दर आठवड्याला वाजतं.

मागच्या रविवारी काळूच्या पात्रात गेलो होतो. पाणी कमी होतं. काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत उतरले आणि वाकून तळाचे गोटे चाचपू लागले. एक उचलला, अंगठा फिरवला, टाकला. दुसरा टाकला. मी काठावरून ओरडले की पुढे खोल आहे.

"ठावं हाय," ते म्हणाले आणि आणखी एक पाऊल पुढे गेले.