अर्धी सोडलेली ओळ

गोकर्णाबाईची गोष्टच न्यारी! देऊळघाटच्या शिवारात कापूस वेचताना तिनं गाण्याची अर्धी ओळ टाकायची आणि बाकीच्या बायांनी ती पुरी करायची, अशी रीतच पडलेली.

एका साली, अळी लागत नाही म्हणून पेरलेल्या बीटी कपाशीतही गुलाबी अळी निघाली होती. सोबत वेचणारी रुबिना बी.एड. करत होती. दुसऱ्या दिवशी तिला वर्गापुढं मुक्तछंदातली एक कविता शिकवून दाखवायची होती आणि शेवट काही केल्या उलगडेना. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून तिनं ती मोठ्यानं वाचली. यमक नाही, दर ओळ आधीपेक्षा आखूड, आणि शेवटी नुसतं, ‘बोंड उघडलं, तर आत...’

“कापूस!” साऱ्या बाया सवयीनं एका सुरात ओरडल्या. मग कमरेला बांधलेल्या ओट्यातल्या किडक्या बोंडांकडे पाहून एकदम गप्प झाल्या.

रुबिना टुणकन उठलीच. “हेच तं! ओळ तुटली म्हणून कविता झाली! पण मावशी, पोट्ट्याईनं इचारलं, कवीनं ओळ पुरी काऊन नाही केली, तं काय सांगू?”

गोकर्णाबाई खळखळून हसली. “सांग त्याईले, पुरी कराले आपल्यावर सोडली. आपण आशेनं ‘कापूस’ म्हणतो, अन् बोंड पाह्यलं का आपलंच तोंड बंद होते.”