मिरीच्या दाण्याचा जमीनदार

क्लिफर्ड पेटिफरने आयुष्याची एकसष्ट वर्षं दुसऱ्यांच्या भिंतींना पाठ लावून काढली. इंग्लंडातल्या केटरिंग गावच्या ज्या गल्लीत तो जन्मला, वाढला आणि नांदला, तिथे एकाला एक चिकटलेली बावीस घरं होती. डावीकडचा शिंकला की उजवीकडचा "देव भलं करो" म्हणायचा. बस डेपोत गाड्यांच्या वेळा तपासण्याची नोकरी संपत आली, तेव्हा क्लिफर्डने घरांच्या दलालाला एकच अट घातली. भिंत कुणाशी सामाईक नको.

तेवढ्या पैशांत चारी बाजूंनी सुटं घर मिळणं म्हणजे डेपोत रिकामी खुर्ची सापडण्यासारखं होतं. पण दलाल तरुण होता आणि त्याचे बूट फार टोकदार होते. त्याने क्लिफर्डला गावाबाहेरच्या सॅडलर्स रीच नावाच्या नव्या वसाहतीत नेलं. तिथल्या सगळ्या रस्त्यांना खोगीर, लगाम, रिकीब अशी नावं होती. बिल्डरला घोड्यांचा भारी सोस. खरं तर त्या जागेवर पूर्वी जनावरांच्या हाडांचा सरस उकळण्याचा कारखाना होता, त्यामुळे घोडे तिथे यायचे हे खोटं नव्हतं, फक्त परत जात नसत.

दलालाने दाखवलं ते 'कोच हाऊस', नावाला बग्गीखाना. म्हणजे खाली दोन गॅरेजं, त्यांच्यामधून मागच्या वाहनतळाकडे जाणारी एक कमान, आणि या सगळ्याच्या डोक्यावर दोन खोल्या, न्हाणी आणि स्वयंपाकघर. जमिनीवर घराच्या वाट्याला आलं होतं एक दार, आणि दार उघडताच नाकाला लागेल असा जिना. दलाल म्हणाला, वर कुणी नाही, बाजूला कुणी नाही, आणि फ्लॅटसारखी नुसती हवेतली मालकी नव्हे, जमिनीसकट सगळी इमारत तुमची. खाली काय, तर गाड्या. गाड्या काही घोरत नाहीत.

क्लिफर्ड तिथेच विरघळला. त्याची बायको ग्लेनिस जिना मोजत होती. चौदा पायऱ्या. तिचा उजवा खुबा दोन वर्षांपासून कुरकुरत होता.

"शुक्रवारी मी उतरायचं कसं?" तिने विचारलं.

शुक्रवार हा ग्लेनिसचा खरा दिवस होता. चॅपलच्या मागच्या दालनात एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना दुपारचं जेवण मिळे, आणि तीस माणसांचे बटाटे सोलायला ती अकरा वर्षं जात होती. तिच्या माहेरची माणसं एकेक करून गेली, मूलबाळ झालं नाही. ती म्हणे, मला आठवड्यातले सहा दिवस क्लिफर्ड सहन होतो, कारण सातवा शुक्रवार असतो. क्लिफर्डने तिला सांगितलं की पायऱ्या चढणं खुब्याला उलट चांगलं. हे त्याने कुठे वाचलं होतं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

कागदपत्रं बघणाऱ्या वकीलबाईंनी त्याला समोर बसवून सगळं समजावलं होतं. खालची दोन्ही गॅरेजं समोरच्या दोन घरांना नऊशे नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने दिलेली आहेत, त्यांतलं तुमच्या वापराला एकही नाही. मालक तुम्ही, म्हणून सगळ्या इमारतीचा विमा तुमच्या गळ्यात. खाली कोण काय साठवतं हे विमेवाले तुम्हाला विचारणार. म्हातारपणाचा विचार करा, जिन्याला दुसरी वाट नाही. आणि भाडं म्हणाल तर प्रत्येक गॅरेजमागे वर्षाला काळ्या मिरीचा एक दाणा, पंचवीस मार्चला, मालकाने मागितला तर. "कोणीच मागत नाही," बाई हसून म्हणाल्या. "कायद्याला देणंघेणं दाखवायला काहीतरी लागतं, म्हणून लिहायचं."

एवढ्या सगळ्यातलं क्लिफर्डच्या कानात दोनच शब्द शिरले. मालक आणि भाडं. डेपोतल्या निरोपसमारंभात तो तिघांना सांगून आला की आता आपल्याकडे भाडेकरू आहेत.

"अरे, बग्गीखान्याच्या माडीवर पूर्वी कोण राहायचं, माहीत आहे ना तुला?" परतताना ग्लेनिसने विचारलं. "बग्गी हाकणारा. मालक समोरच्या घरात राहायचा."

समोरच्या घरात थेल्मा ऑकेंडन राहत होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने तीस वर्षं मुलांना वाढलं होतं, त्यामुळे ती कुणालाच भीत नसे. चॅपलच्या जेवणाची मुख्य आचारीण तीच. आपल्या गॅरेजात तिने एक भलामोठा फ्रीझर ठेवला होता, त्यात शुक्रवारसाठी सारण भरलेल्या पेस्ट्र्या आणि बेरी गोठवलेल्या असत. दुसरं गॅरेज तिच्या शेजारच्या मार्चिनचं. तो पोलंडहून आलेला गिलावा करणारा, आणि त्याच्या गॅरेजात गिलाव्याची पोती, बादल्या आणि एक कालवण्याचं यंत्र.

पहिला मार्च उजाडला आणि क्लिफर्डने टाइप केलेली दोन पत्रं समोरच्या दारांतून आत सारली. पट्ट्यातल्या अमुक कलमानुसार पंचवीस तारखेला दुपारी बारापर्यंत मिरीचा एक दाणा मालकाकडे पोचता करावा. मार्चिनला वाटलं हा काहीतरी इंग्रजी सण असावा. त्याने दाणा चिकटपट्टीने क्लिफर्डच्या दाराला लावला आणि खाली "शुभेच्छा" लिहिलं. थेल्मा स्वतः आली. तिने पांढऱ्या मिरीचा दाणा आणला होता. क्लिफर्डने कलम काढून दाखवलं, काळा पाहिजे. ती घरी गेली, काळा घेऊन आली आणि पावती मागितली. क्लिफर्डने ती खुशीने दिली. दोन्ही दाणे त्याने काचेच्या बाटलीत घातले आणि बाटली दिवाणखान्याच्या खिडकीत ठेवली, रस्त्यावरून दिसेल अशी.

तिथेच थांबला असता तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं. पण अडतीस वर्षं ज्याने दोन मिनिटं लवकर सुटलेल्या बसेस पकडल्या, त्याला थांबायचं कसं ते कुणी शिकवलेलं नसतं. विम्याचं निमित्त हाताशी होतंच. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो वही-पेन्सिल घेऊन गॅरेजं तपासू लागला. पट्ट्यात लिहिलं होतं, फक्त वाहन ठेवावं. मार्चिन म्हणाला, माझ्या कालवण्याच्या यंत्राला चाकं आहेत. त्यावर क्लिफर्डने दोघांना लेखी खुलासा धाडला की, वाहन म्हणजे ज्याला नंबराची पाटी आहे ते. मार्चिनने यंत्र हलवलं. कमानीत कुणीतरी सायकल टेकवली, तर क्लिफर्डने तिथे पाटी ठोकली: या वाटेत कोणतीही वस्तू उभी करू नये. वसाहतीच्या सभेत त्याने हात वर करून ठराव मांडला की मागच्या वाहनतळावर शेड, मांडव, ताडपत्री काही नको, वसाहतीची शान जाते. ठराव मंजूर झाला, कारण उरलेले सगळे घरी जायच्या घाईत होते.

मग त्याने थेल्माच्या फ्रीझरवर नोटीस काढली.

"क्लिफर्ड, त्यातलं जेवण मी वाढते," ग्लेनिस म्हणाली. "ती माझी मैत्रीण आहे."

"मैत्रीण तुझी असेल. माझी ती भाडेकरू आहे."

थेल्माने फ्रीझर हलवला. मार्चिनने तो तिच्या स्वयंपाकघरात नेला, तिथे तो मावेना, म्हणून तिचं जेवायचं टेबल बाहेर गेलं. ती भांडली नाही. चॅपलमध्ये मात्र ती बटाट्यांच्या ढिगापलीकडून ग्लेनिसला म्हणाली, "तुझा नवरा आमच्या डोक्यावर राहतो ते ठीक आहे गं. पण मिऱ्याही तिथेच वाटतो." ग्लेनिसला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. घरी येऊन तिने ते क्लिफर्डला सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता, त्याला ती स्तुती वाटली असती.

ऑक्टोबरात ग्लेनिसचा खुबा बदलला. शस्त्रक्रिया नीट झाली नाही असं कुणी म्हणालं नाही, पण नीट झाली असंही कुणाला म्हणवेना. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं की कठडा धरून दिवसातून एकदा उतरणं-चढणं जमेल, पण चॅपलपर्यंतचा मैलभर रस्ता चालणं विसरा. बस त्यांच्या खोगीर रस्त्याला येत नव्हती. ही गोष्ट क्लिफर्डला सगळ्यांत आधी ठाऊक असायला हवी होती. मोटार त्यांच्याकडे कधीच नव्हती. जन्मभर पासावर फुकट फिरलेल्या माणसाला मोटार घेणं म्हणजे उधळपट्टी वाटे. बाई म्हणाल्या, बॅटरीवर चालणारी बसायची स्कूटर घ्या. फक्त ती कोरड्या जागी ठेवायला हवी आणि रात्रभर विजेला लावायला हवी.

ग्लेनिस पाच शुक्रवार खिडकीत बसून राहिली. मिरीच्या बाटलीशेजारी.

आणि क्लिफर्ड मोजपट्टी घेऊन आपल्या मालमत्तेत जागा शोधत फिरला. दारातून स्कूटर आत येणार नव्हती. दार आत उघडायचं आणि तिथेच जिना सुरू व्हायचा. कमानीत ठेवावी, तर डोक्यावर त्याचीच पाटी. मागे ताडपत्रीखाली ठेवावी, तर त्याचाच ठराव. जमिनीसकट सगळं त्याचं होतं, आणि एका बाईला बसायचं चाकांचं वाहन ठेवायला त्यात साडेचार फूट जागा नव्हती. हे त्याला उमगायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ग्लेनिसने बटाटे मागवले आणि कुणासाठी कोण जाणे, पाच शेर सोलून ठेवले. ते क्लिफर्डने बघितलं. त्याने टोपी घेतली आणि समोरचं दार वाजवलं.

थेल्माने त्याला आत घेतलं. स्वयंपाकघरात फ्रीझरला वळसा घालूनच खुर्चीपर्यंत जावं लागत होतं. क्लिफर्डने डेपोत भाषण करावं तशी सुरुवात केली. मालक या नात्याने, विशेष बाब म्हणून, तिच्या गॅरेजात एका स्कूटरला परवानगी द्यायला आपली हरकत नाही.

थेल्माने खणातून एक कागद काढला आणि चष्मा लावला.

"नंबराची पाटी आहे का तिला?"

क्लिफर्डने मान पुढे करून कागद पाहिला.

"हे तुम्हीच लिहिलंय, पेटिफर साहेब. खाली सहीसुद्धा आहे, वळणदार. वाहन म्हणजे ज्याला नंबराची पाटी आहे ते."

"नाही पाटी," तो म्हणाला. मग आवाज खाली गेला. "ती पाच शुक्रवार घरात आहे, थेल्मा. बोलत नाही माझ्याशी. म्हणजे बोलते, पण हो-नाही एवढंच. माझं चुकलं. मला जागा पाहिजे."

'माझं चुकलं' हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं, त्यामुळे ते जरा वेडंवाकडं बाहेर पडलं. थेल्माने चष्मा काढला. तिला त्याचा राग होताच, पण ग्लेनिसवाचून बटाटे कोण सोलतंय ते तिलाही माहीत होतं. सध्या पाद्रीसाहेब सोलत होते, आणि अर्धा बटाटा सालीबरोबर जात होता.

"फ्रीझर जिथे होता तिथे स्कूटर राहील," ती म्हणाली. "तिथे विजेचा खटका आहे. फ्रीझर गॅरेजात परत येईल, पलीकडच्या भिंतीला. आणि भाडं द्यावं लागेल."

"किती?"

"काळ्या मिरीचा एक दाणा. पंचवीस मार्चला, दुपारी बाराच्या आत. हातात आणून द्यायचा. मी मागणार आहे हं, आधीच सांगते."

अशा रीतीने क्लिफर्ड पेटिफर आपल्याच इमारतीत आपल्याच भाडेकरूचा भाडेकरू झाला. वकीलबाईंना त्याने फोन करून विचारलं, असं कायद्यात बसतं का. बाईंनी त्याला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग बाईंनी खोकून सांगितलं की बसतं.

स्कूटर आली, लाल रंगाची. मार्चिनने फ्रीझर हलवून दिला, शिवाय स्कूटरसाठी एक उतरण करून दिली, आणि त्याचं कालवण्याचं यंत्र कधी परत आलं ते क्लिफर्डने पाहिलं नाही. सोमवारची तपासणी बंद झाली. झोपायच्या खोलीखाली आता फ्रीझर घुमायचा आणि त्याच्या बाजूला स्कूटर विजेवर सूं करत राहायची. शेजाऱ्याची शिंक बरी, असं क्लिफर्डला कधीकधी वाटे, पण तो ते बोलत नसे.

पंचवीस मार्च नेमका शुक्रवारी आला. पहिल्या तारखेला थेल्माचं पत्र आलेलं होतं, हाताने लिहिलेलं, कलमासकट. सकाळी आठला क्लिफर्डने खिडकीतली बाटली उघडली. दुकानातून मिरी आणायचं त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. दोनांतला एक दाणा त्याने काढला, तळहातावर घेतला आणि चौदा पायऱ्या उतरून स्वतःच्या मालकीच्या गॅरेजचं दार ठोठावलं.

थेल्मा फ्रीझरमधून पेस्ट्र्या काढत होती. तिने दाणा उजेडाकडे धरून पाहिला.

"हा माझाच नव्हे?"

"तुझाच," क्लिफर्ड म्हणाला.

तिने तो एप्रनच्या खिशात टाकला. "पावती मिळणार नाही. तेवढी ही टोपली माझ्या ढकलगाडीत ठेवा."

त्याने टोपली उचलली आणि कमानीत येऊन उभा राहिला. जड होती, त्यामुळे जरा दम खाल्ला. मागून भोंगा वाजला. लाल स्कूटरवर ग्लेनिस बसली होती, मांडीवर सोलणी आणि डोक्यावर चॅपलची टोपी. तिचा चेहरा असा त्याने सप्टेंबरानंतर पाहिला नव्हता.

"बाजूला हो, क्लिफर्ड," ती म्हणाली. "वर पाटी कुणी लावलीय, वाचली नाहीस का?"

क्लिफर्डने वर पाहिलं. या वाटेत कोणतीही वस्तू उभी करू नये. तो टोपली घेऊन भिंतीला चिकटला, पाठ लावून, आणि तिला जाऊ दिलं.