फळीबाबूंचा उतार

चिखल्याच्या मजूर वस्तीतली माणसं खाणीवर पायी जायची, नाहीतर सायकलने. फळीबाबू फळीवर उभे राहून जायचे. हात-दीड हात लांबीची सागवानी फळी, तिच्याखाली भंगारातून मागून आणलेली चार बेरिंगं. एका हातात डबा घेऊन ते वस्तीच्या उतारावरून थेट खाणीच्या फाटकापर्यंत जात. संध्याकाळी फळी बगलेत धरून चढ चढत. तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती.

हे माझे यजमान. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, म्हणून वस्तीने ठेवलेलं हे नाव मला सोयीचं पडलं.

मी दिघोरीची, धानाच्या बांध्यांत वाढलेली. माझे वडील पहिल्यांदा आले तेव्हा जावई समोरून खर्रर्र करत निघून गेला. संध्याकाळी वडील म्हणाले, "जवाईबापू, हे तं लहान पोराईचं काम हाय."

"लहान पोरं बसून जातेत, मामाजी. मी उभ्यानं जातो."

वडील रागावून न जेवता निजले.

मला लाज नव्हती, भीती होती. हातपाय मोडले तर खाणीत कोण घेणार? ते निघाले की मी दारात उभी राहून कान लावायची. बोरिंगच्या हातपंपापाशी आवाज मोठा व्हायचा, वळणावर बारीक, आणि फाटकाशी थांबायचा. तिथे थांबला की मी चुलीकडे वळायची. एकदा विचारलं, "कायले करता हे?"

"खाली खानीत दिवसभर वाकून काम करतो वो. वर असतो तवा तरी सरळ उभा राहू दे मले."



माझे दिवस भरले तेव्हाची गोष्ट. रविवारी दुपारी कळा सुरू झाल्या. दवाखाना उताराखाली. हे नर्सबाईला आणायला फळीवरून सुटले आणि वळणावर आपटले. बाईने रक्त पाहून आधी ह्यांचंच डोकं बांधलं. दोघं वर पोचेपर्यंत शेजारच्या काकूंच्या हातून मुलगी होऊन गेली होती. बाई मला म्हणाली, "तुह्यापेक्षा तुहा घरवालाच जास्त बोंबलत होता."

मी हसले. हे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी बेरिंगं काढून डब्यात टाकली. "आता बाप झालो," एवढंच म्हणाले. फळीवर मी लेकीला न्हाऊ घालू लागले.

मग ते चारचौघांसारखे पायी जाऊ लागले. माझी भीती मिटली, पण सकाळी कान उगाच दाराकडे जायचा. काही महिन्यांनी पाहिलं तर हे घरातही वाकून चालत होते. जेवताना मान खाली, पोरीला घेताना मान खाली. लोक म्हणाले, माणूस सुधारला. मला तो माणूस नको होता.

एका रविवारी मी फळी धुतली आणि बेरिंगांचा डबा त्यांच्यापुढे आपटला. "लावा हे."

"तूच तं भेतेस ना?"

"भेतोच. पन तुमाले असं वाकलेलं पाहून जास्त भेव वाटते."

ते फळी उलटी करून पाना घेऊन बसले. सोमवारी उतारावर खर्रर्र आवाज झाला. काकू ओरडल्या, "अवो, सुटला वो तुहा घोडा!" आवाज फाटकाशी थांबेपर्यंत मी दारातच होते. मगच चुलीकडे वळले.

पुढे पाच-सहा वर्षं ते तसेच जात राहिले. पुन्हा कधी पडले नाहीत. लेक शाळेत जायला लागल्यावर काविळीने गेले, अंथरुणावर.

स्मशान फाटकाच्या पलीकडे; वस्तीतले चौघे त्यांना खांद्यावर घेऊन उतारावरून निघाले. मी दारात उभी राहिले. बोरिंग गेलं, वळण गेलं. सवयीने मी कान लावला होता. फाटकापर्यंत पोचायला त्यांना फार वेळ लागला. त्या उतारावरून इतक्या हळू ते कधीच गेले नव्हते.